यंत्र आपलें, किल्ली दुसऱ्याची

एखादी वस्तु दाम मोजून घरीं आणली म्हणजे ती आपली झाली, असा व्यवहाराचा जुना संकेत आहे. कोयता घेतला तर त्यास धार आपण लावावी, मूठ सैल झाली तर सुताराकडून नवी बसवून घ्यावी. कोयता घडविणाऱ्या लोहाराची त्यासाठीं परवानगी लागत नाहीं. या संकेतास संगणकानें मोठा धक्का दिला आहे. संगणकाच्या पोटांत अशीं कांहीं अंगें असतात कीं, तीं विकत घेणाऱ्याच्या घरांत राहतात, त्याच्याच विजेवर चालतात, परंतु हुकूम मानतात तो कारखानदाराचा. यांपैकीं पडद्यावर चित्र उमटविणाऱ्या अंगाचा, म्हणजे ग्राफिक्स चिपेचा, इतिहास विशेष बोधप्रद आहे. तो येथें थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे; आणि तो सांगतांना आमची दृष्टि शहापूर-मुरबाडच्या डोंगराळ मुलखाकडे राहील. कारण अशा कुलपांचा भार, कारखान्यापासून जो जितका दूर, त्याच्यावर तितका अधिक पडतो.

प्रथम परिभाषेचा उलगडा करणें अवश्य आहे. चित्रें रेखाटण्याचा भार संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर पडूं नये म्हणून त्या कामासाठीं वेगळी चिप बसविलेली असते. ही चिप असंख्य लहान लहान नोंदकप्प्यांतून आज्ञा घेते. कोणत्या कप्प्यांत कोणता अंक लिहिला असतां पडद्यावर काय उमटेल, हें ज्यास ठाऊक असतें असा एक प्रोग्राम मुख्य प्रोसेसरवर चालतो. त्यास ड्रायव्हर म्हणतात. तो एक प्रकारचा दुभाषा होय. दुसरा प्रोग्राम खुद्द चिपेच्या आंत चालतो; चिपेची गति, तिचा पंखा, तिला मिळणारी वीज यांवर त्याची देखरेख असते. तें फर्मवेअर. दोन्ही प्रोग्राम मुळांत माणसांनींच, माणसांस वाचतां येईल अशा भाषेंत लिहिलेले असतात. मागाहून त्यांचें यंत्रास समजणाऱ्या अंकांत रूपांतर होतें. कारखानदारानें मूळ लिखाण स्वतःजवळ ठेवून केवळ अंकांची जुडी ग्राहकाच्या हातीं दिली, तर ती चालवितां येते, पण वाचून समजून घेतां येत नाहीं. मग सुधारण्याची गोष्ट दूरच राहिली.

या वादाचा उगम एका छापयंत्रांत सांपडतो. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या एका प्रयोगशाळेस १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीकडून नवें लेसर छापयंत्र मिळालें. जुन्या यंत्रांत कागद अडकला म्हणजे त्याची वर्दी आपोआप मिळावी, अशी सोय तेथील रिचर्ड स्टॉलमन यांनीं स्वतः करून ठेविली होती. नव्या यंत्राच्या प्रोग्रामचें मूळ लिखाण हातीं नसल्यामुळें तीच सोय पुन्हां करतां येईना. तें लिखाण ज्याच्यापाशीं होतें अशा दुसऱ्या विद्यापीठांतील एका संशोधकाकडे ते गेले. परंतु त्यानें कंपनीस गुप्ततेचें वचन दिलें होतें. कागद अडकणें ही बाब क्षुल्लक खरी. पण सहकाऱ्यास साहाय्य न करण्याचें वचन एखादी कंपनी आगाऊ घेऊन ठेवूं शकते, ही गोष्ट स्टॉलमन यांस क्षुल्लक वाटली नाहीं. १९८३ च्या सप्टेंबरांत त्यांनीं ‘ग्नू’ नांवाच्या मुक्त प्रणालीची घोषणा केली आणि १९८९ मध्यें मुक्त प्रोग्रामांच्या रक्षणासाठीं एक सार्वजनिक परवाना प्रसिद्ध केला. पुढें १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्स नामक गाभा लिहिला, आणि या दोहोंच्या संयोगानें ज्याचें मूळ लिखाण कोणासही वाचतां येईल असा संपूर्ण संगणक उभा राहण्याची आशा उत्पन्न झाली.

आशेच्या मार्गांत आडवी आली ती चित्राची चिप. आयबीएम कंपनीनें १९८७ मध्यें काढलेल्या व्हीजीए पद्धतीचे नोंदकप्पे सर्वांस ज्ञात होते, त्यामुळें तिच्यासाठीं ड्रायव्हर लिहिणें कठीण नव्हतें. परंतु १९९० नंतरच्या दशकांत निरनिराळ्या कंपन्यांनीं आपापलीं जलद कार्डें काढलीं, आणि त्यांबरोबर आपापलीं गुपितेंही निर्माण केलीं. एक्सफ्री८६ हा स्वयंसेवकांचा संघ त्या काळीं मुक्त प्रणालींसाठीं चित्रव्यवस्था तयार करीत असे. डायमंड या कंपनीनें आपल्या कार्डांवरील घड्याळ कसें चालवावें याची माहिती गुप्ततेच्या करारावांचून देण्याचें नाकारलें. करार पाळावयाचा तर मूळ लिखाण प्रसिद्ध करतां येत नाहीं, आणि तें प्रसिद्ध न करणें तर संघाच्या ब्रीदाविरुद्ध! अखेर संघानें त्या कार्डांना आपण पाठबळ देत नसल्याचें उघड सांगून टाकलें. कांहीं वर्षांनीं कंपनीनें आपलें धोरण बदललें. ग्राहकांनीं दुसऱ्या कंपनीचें कार्ड घ्यावें एवढाही सल्ला कारखानदारास वठणीवर आणूं शकतो, हें या लहानशा झगड्यांत प्रथम दिसून आलें.

त्यानंतर घनचित्रांचें युग आलें, आणि चिपांची गुंतागुंत शतपटीनें वाढली. एन्व्हिडिया कंपनीनें लिनक्ससाठीं स्वतःचा ड्रायव्हर दिला. तो वेगवान होता, परंतु बंद होता. कंपनी देईल तें घ्यावें, देईल तोंपर्यंत वापरावें, अशी ही सोय होती. कित्येकांस ती पुरेशी वाटली. ज्यांस ती पुरेशी वाटली नाहीं, अशांनीं २००५-०६ च्या सुमारास स्टेफान मार्शेसाँ या फ्रेंच प्रोग्रामरच्या पुढाकारानें ‘नूव्हो’ हा उद्योग आरंभिला. त्यांची पद्धति मोठी कौतुकास्पद आहे. कंपनीचा बंद ड्रायव्हर चालूं द्यावयाचा, तो चिपेच्या कोणत्या कप्प्यांत कोणता अंक लिहितो याची टांचणें करावयाचीं, मग पडद्यावर एकच गोष्ट बदलून पुन्हां टांचणें करावयाचीं, आणि दोन्ही टांचणें शेजारीं ठेवून अर्थ लावावयाचा. अज्ञात लिपींतील शिलालेख वाचणारे पुराणवस्तुसंशोधक ज्या चिकाटीनें एकेक अक्षर सोडवितात, तीच चिकाटी येथें लागली. भेद इतकाच कीं, शिलालेख कोरणारा केव्हांच कालवश झालेला असतो. येथें तो हयात असून बोलत मात्र नाहीं. २०१० मध्यें हा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यांत समाविष्ट झाला.

इतर कारखानदार मात्र याच सुमारास दुसऱ्या वाटेनें गेले. इंटेलनें आपले ड्रायव्हर मोकळे ठेविले. एएमडी कंपनीनें २००६ मध्यें एटीआय ही चित्रचिपांची कंपनी विकत घेतली आणि २००७ च्या सप्टेंबरापासून त्या चिपांची माहिती प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. या उदारतेचें फळ आजही दिसतें. २००२ सालीं बाजारांत आलेलीं रेडिऑन ९७०० जातीचीं कार्डें कंपनीनें केव्हांच सोडून दिलीं. तथापि स्वयंसेवकांनीं लिहिलेल्या मुक्त ड्रायव्हरावर तीं मागाहूनही वर्षानुवर्षें चालत राहिलीं. अर्थात् येथेंही फर्मवेअर बंदच राहिलें. परंतु तें सर्वांस वांटतां येतें आणि मुक्त ड्रायव्हराची अडवणूक करीत नाहीं.

अडवणूक म्हणजे काय हें २०१४ मध्यें दिसलें. त्या वर्षीं एन्व्हिडियानें काढलेल्या चिपांच्या दुसऱ्या मॅक्सवेल पिढीपासून फर्मवेअरवर कंपनीची सांकेतिक मुद्रा असल्यावांचून चिप तें स्वीकारीनाशी झाली. तोंपर्यंत नूव्होचे कार्यकर्ते स्वतः फर्मवेअर लिहून चालवीत असत. आतां लिहिण्याची विद्या असूनही तिचा उपयोग उरला नाहीं. कारण प्रश्न ज्ञानाचा राहिला नसून शिक्कामोर्तबाचा झाला होता. कंपनीनें पुढें मुद्रित फर्मवेअर कांहीं प्रमाणांत दिलें. परंतु चिपेची गति वाढविण्याचा अधिकार ज्या भागाकडे असतो, त्याचें फर्मवेअर मुक्त ड्रायव्हरास उपयोगी पडेल अशा रीतीनें दिलें नाहीं. परिणाम असा झाला कीं, भारी किंमतीचीं तीं कार्डें मुक्त ड्रायव्हरावर चालूं लागलीं तर संगणक सुरू होतांना जी मंद गति असते तिच्याच पुढें जात नाहींत. २०२२ च्या मे महिन्यांत कंपनीनें गाभ्यालगतच्या ड्रायव्हराचें लिखाण मोकळें केलें, ही मोठी घटना होय. परंतु तें २०१८ च्या ट्यूरिंग पिढीपासूनच्या चिपांनाच लागू आहे, आणि त्या चिपांत पुष्कळसें गुपित ड्रायव्हरांतून काढून फर्मवेअरच्या कोठारांत हलविलेलें आहे. २०१४ ते २०१७ या मधल्या काळांतील चिपांची स्थिति चमत्कारिक झाली. त्यांच्यासाठीं ५८० ही आपल्या बंद ड्रायव्हराची शेवटची मालिका असल्याचें कंपनीनें २०२५ मध्यें जाहीर केलें. आणि मुक्त ड्रायव्हरास तर वेगाची किल्ली कधींच मिळाली नव्हती. कारखानदारानें हात काढून घेतला, पण कुलूप मात्र काढलें नाहीं.

आतां हा इतिहास आपल्या दाराशीं आणूं. यंत्राच्या बाबतींत नकार सोसण्याचा अनुभव आपणांस नवा नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत हिंदुस्थानानें हवामानाच्या अंदाजासाठीं अमेरिकेकडे क्रे कंपनीचा महासंगणक मागितला. मागितलेलें मोठें यंत्र मिळालें नाहीं. त्याहून लहान असें यंत्र वापरावर अटी घालून देण्यांत आलें. त्या मानहानींतून १९८८ मध्यें पुणें येथें सी-डॅक ही संस्था उभी राहिली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ मध्यें ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. तो नकार उघड होता. म्हणून त्याचें उत्तरही उघडपणें देतां आलें. फर्मवेअरचा नकार याहून निराळा आहे. येथें यंत्र हंसतमुखानें विकलें जातें, पैसे पुरते घेतले जातात, आणि नकाराची ओळख ग्राहकास होते ती बहुधा वस्तु जुनी झाल्यावर.

याच संस्थेच्या इतिहासांत दुसरें एक प्रकरण आमच्या विषयास अधिक जवळचें आहे. संगणकाच्या पडद्यावर मराठी अक्षर उमटविणें हेंही अखेर चित्र काढण्याचेंच काम. आयआयटी कानपूर येथें आरंभलेलें आणि मोहन तांबे यांच्या नांवाशीं निगडित असलेलें ‘जिस्ट’ तंत्र १९८८ नंतर पुण्यास आलें. त्या तंत्राचें एक कार्ड संगणकांत बसविलें म्हणजे केवळ इंग्रजी जाणणारे प्रोग्रामही देवनागरी दाखवूं लागत. त्यामागील अक्षरसंकेत १९९१ मध्यें भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला. पण खिडक्यांच्या प्रणालीचा प्रसार होतांच निरनिराळ्या विक्रेत्यांनीं टंकांसाठीं आपापले खाजगी संकेत वापरण्यास सुरुवात केली. एका कचेरींत टंकलेला मजकूर दुसऱ्या कचेरींत तोच टंक नसल्यास निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन बसे. नियतकालिकें, सरकारी कागद, ग्रंथांच्या मुद्रणप्रती असा कितीतरी मजकूर अशा रीतीनें अडकून पडला. मराठी अक्षराची सुटका झाली ती युनिकोड या जाहीर संकेताचा स्वीकार झाल्यावर. तात्पर्य, ज्या वस्तूची रीत सर्वांपुढें मांडलेली असते ती आपल्या कर्त्यानंतरही टिकते; जिची रीत एकाच्याच पेटींत असते ती त्या पेटीबरोबर जाते.

तिसरें उदाहरण प्रत्यक्ष सह्याद्रीच्या कुशींतलें आहे. मुरबाडच्या दक्षिणेस लागून असलेल्या कर्जत तालुक्यांतील एका धनगरवाड्यावरील एकशिक्षकी शाळेंत २००७ सालीं ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या योजनेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. निकोलस निग्रोपॉन्टी यांनीं २००५ मध्यें जाहीर केलेली ही योजना हिंदुस्थान सरकारच्या शिक्षणखात्यानें २००६ मध्यें नाकारली होती. तरी हा लहानसा प्रयोग येथें झाला. हें यंत्र बुद्धिपुरस्सर मोकळें ठेविलेलें होतें. मुलानें त्याचें अंतरंग पाहावें, बदलावें, बिघडवावें आणि दुरुस्त करावें, हाच त्यामागचा शिक्षणविचार. त्याचा पडदा भर उन्हांत वाचतां येई. चित्राच्या भागाची माहिती प्रसिद्ध असून ड्रायव्हर मुक्त होता. यंत्र सुरू करणारें फर्मवेअरसुद्धां मुक्त होतें. आणि तरीही त्यांत एक कुलूप राहिलेंच. बिनतारी संदेशांसाठीं बसविलेली मार्व्हेल कंपनीची चिप बंद फर्मवेअरवर चाले. ओपनबीएसडी प्रणालीचे प्रवर्तक थिओ द राट यांनीं २००६ मध्यें यावर जाहीर टीका केली. योजनेच्या चालकांचें उत्तर असें कीं, मुख्य प्रोसेसर निजलेला असतांही शेजारच्या लॅपटॉपाचा निरोप पुढें पोंचवील अशी काटकसरी चिप दुसरी मिळत नव्हती. आणि जेथें विजेचीच वानवा तेथें हा गुण सोडतां येत नव्हता. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य होतें. परंतु मोकळेपणाचें व्रत घेतलेल्या यंत्रालाही संपूर्ण मोकळी चिप बाजारांत मिळूं नये, यावरून बाजाराची घडण कशी होती हें कळून येतें.

शहापूरहून किन्हवलीकडे जातांना लागणाऱ्या शेणवा गांवीं किंवा त्यापलीकडच्या ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्यांवर या इतिहासाचें काय प्रयोजन, असा प्रश्न कोणी विचारील. प्रयोजन आहे. तेथें आलेला संगणक म्हणजे बहुधा खिशांतला मोबाईल. २०२० मध्यें शाळा बंद झाल्या तेव्हां शिक्षणाची वाट त्या चिंचोळ्या पडद्यांतूनच जात होती, आणि ज्याच्या घरीं तो नव्हता किंवा जुना झाला होता त्याची वाट खुंटली. मोबाईलमधील चित्रचिपांसाठींही फ्रीड्रेनो, लिमा, पॅनफ्रॉस्ट असे मुक्त ड्रायव्हर २०१२ पासून स्वयंसेवकांनीं तयार केले आहेत. पण ज्या फोनाचें पहिलें दारच कारखानदाराच्या मुद्रेवांचून उघडत नाहीं, त्यांत ते बसवावयाचे कसे? कारखानदार नव्या आवृत्त्या देणें थांबवितो त्या दिवशीं फोन बंद पडत नाहीं हें खरें. पण त्याचीं सुरक्षिततेचीं भगदाडें बुजत नाहींत, नवे प्रोग्राम हळूहळू त्यास ओळखीनासे होतात, आणि धडधाकट वस्तु निरुपयोगी ठरते. मुंबईच्या ग्राहकास हा नवा फोन घेण्याचा मुहूर्त असतो. भाताच्या एका पिकावर वर्ष काढणाऱ्या कुटुंबास तोच तोटा असतो. शहापूर तालुक्यास अशा व्यवस्थेची निराळी ओळख करून देण्याचें कारण नाहीं. तानसा आणि भातसा यांचें पाणी त्याच्याच भूमीवर सांठतें आणि मुंबईस जातें. त्याच तालुक्यांतील पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. वस्तु आपल्या अंगणांत आहे म्हणून तिची किल्ली आपल्या हातांत आहे असें नव्हे, हें तेथील माणसास पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं.

कारखानदारांची बाजू अगदींच निराधार नाहीं, हेंही न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. चिपेच्या रचनेंत कोट्यवधि रुपयांचा खर्च असतो. प्रतिस्पर्ध्यास ती फुकट मिळूं नये अशी त्यांची इच्छा स्वाभाविक आहे. कांहीं लिखाण त्यांनीं स्वतःच दुसऱ्याकडून अटींवर घेतलेलें असतें, आणि बिनतारी चिपांस सरकारी नियमांचें बंधन असतें. स्वस्त कार्डाचें फर्मवेअर बदलून तें महाग म्हणून विकणारे भामटे आहेत. मुद्रेमुळें त्यांस आळा बसतो. परंतु हीं सर्व कारणें मान्य केलीं तरी त्यांतून एवढेंच निष्पन्न होतें कीं, माल विक्रींत असेपर्यंत कांहीं गुप्तता असावी. विक्री संपल्यावर, पाठबळ काढून घेतल्यावर, तीच गुप्तता ठेवण्यास यांपैकीं बहुतेक कारणें उरत नाहींत. भामट्यास अडविणाऱ्या मुद्रेनें मालकासही अडवावें, हा तर चोराच्या भीतीनें घरधन्यासच कुलुपाबाहेर ठेवण्यासारखा न्याय झाला.

मुक्ततेच्या कैवाऱ्यांतही या प्रश्नावर तडजोडी झाल्या आहेत. डेबियन ही लिनक्सची जुनी व व्रतस्थ शाखा. तिनें २०२२ मध्यें आपल्या सभासदांचें मत घेऊन बंद फर्मवेअर अधिकृत स्थापनासंचांत घेण्याचें ठरविलें. त्यावांचून नव्या संगणकांवर पडदा किंवा बिनतारी जाळें नीट चालेना, आणि नवशिक्या माणसास मुक्त प्रणालीच्या उंबरठ्यावरूनच परतावें लागे. आमच्या मतें हा निर्णय व्यवहार्य होता. तथापि तडजोड म्हणजे हक्काचा त्याग नव्हे; कोणतें अंग मोकळें व कोणतें बंद, याचा स्पष्ट उच्चार तडजोडींतही राहिला पाहिजे.

हा उच्चार करण्याची जागा म्हणजे खरेदीचा करार. १९९० नंतर डायमंड कंपनीला आणि २००७ मध्यें एएमडीला जें पटलें, त्यांत ग्राहकांच्या पसंतीचा वांटा मोठा होता. केंद्र सरकारनें २०१५ मध्यें आपल्या ई-गव्हर्नन्सच्या व्यवस्थांसाठीं मुक्त सॉफ्टवेअरचें धोरण स्वीकारलें, आणि २०२२ मध्यें ग्राहकांच्या दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं समिति नेमली. आश्रमशाळांसाठीं किंवा जिल्हा परिषदेच्या शाळांसाठीं यंत्रें घेतांना निविदेंत दोन ओळी अधिक लिहिणें त्यामुळें अशक्य नाहीं : फर्मवेअर कोणासही वांटतां यावें, आणि पाठबळ थांबेल त्या दिवशीं मुद्रेची सक्ति उठवावी. एकट्या शेणव्याच्या शाळेचें कोणी ऐकणार नाहीं. पण सबंध राज्याच्या शाळा एकत्रितपणें तेंच मागूं लागल्या तर विक्रेत्यास तें ऐकावें लागेल. लोहारानें कोयता विकतांना धार लावण्याचा हक्क स्वतःकडे राखून ठेविला असता, तर गांवानें तो कोयता घेतलाच नसता. तेवढाच करारीपणा आतां चिपेच्या बाबतींत दाखवावयाचा आहे.